डेलॉस : जकात नसलेली पेठ

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून संध्याकाळी सुटलेले प्रवासी जहाज रात्रभर एजियन समुद्र कापत पहाटे मिकोनोस बेटापाशी येते. डेकवर उभ्या असलेल्या प्रवाशाला प्रथम दिसतात त्या टेकडीवरच्या पांढऱ्याशुभ्र घरांच्या रांगा आणि समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या जुन्या पवनचक्क्या. जहाज येथे एकच दिवस थांबणार असते. सूचनाफलकावर परतण्याची वेळ ठळक अक्षरांत लिहिलेली असते, आणि हाती आलेल्या सात-आठ तासांचे काय करायचे, हा प्रश्न न्याहारीच्या टेबलावरच सुटावा लागतो.

बहुतेक प्रवासी मिकोनोसच्या गल्ल्यांत शिरतात. तेथे सोन्याचांदीची दुकाने आहेत, चामड्याच्या वस्तू आहेत, तागाचे कपडे आहेत, आणि पाण्याला भिडलेल्या घरांच्या सज्जांखाली बसून कॉफी पिण्याचे सुख आहे. काही थोडे प्रवासी मात्र जुन्या धक्क्याकडे वळतात. तेथून एक लहान बोट सुमारे अर्ध्या तासात शेजारच्या एका उजाड बेटावर पोहोचते. त्या बेटावर गाव नाही, हॉटेल नाही, विकत घेण्याजोगे जवळजवळ काहीच नाही. पहारेकरी आणि उत्खनन करणारे अभ्यासक वगळता कोणालाही तेथे रात्री राहण्याची परवानगी नाही. या बेटाचे नाव डेलॉस.

ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुकान, पेढी किंवा वखार चालत आली आहे, त्यांनी हा अर्धा तासाचा प्रवास अवश्य करावा. भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातली सर्वांत मोठी व्यापारपेठ एके काळी येथे होती. ती कशी उभी राहिली आणि कशी संपली, हे येथील दगड आजही सांगतात.

जन्म नाही, मृत्यू नाही

डेलॉसची लांबी सुमारे पाच किलोमीटर, रुंदी सव्वा किलोमीटरच्या आसपास. मध्यभागी किंथॉस नावाची टेकडी आहे. तिची उंची एकशेबारा मीटरच्या जवळपास. माती पातळ, झाडे विरळ, पाणी तुटपुंजे. व्यापाराच्या दृष्टीने पाहावे तर या बेटावर स्वतःचे असे विकण्यासारखे काहीच पिकत नव्हते.

त्याला मोल आले ते श्रद्धेमुळे. ग्रीकांच्या समजुतीप्रमाणे लेटो ही देवी गरोदर असताना कोणतीही भूमी तिला आसरा देण्यास धजेना. अखेर समुद्रावर तरंगत भटकणाऱ्या या ओसाड बेटाने तिला जागा दिली आणि तेथे अपोलो हा देव जन्मला. भोवतालच्या बेटांच्या समूहाला सिक्लाडीस म्हणतात, त्याचा अर्थच वर्तुळाकार बेटे असा आहे. आणि त्या वर्तुळाचे केंद्र म्हणजे हे डेलॉस. इ.स.पू. ४७८ मध्ये अथेन्सच्या पुढाकाराने ग्रीक नगरांनी इराणी साम्राज्याविरुद्ध जो संघ स्थापला, त्याचा खजिनाही आरंभी येथेच ठेवला गेला. इ.स.पू. ४५४ मध्ये अथेन्सने तो आपल्याकडे हलवला.

बेटाचे पावित्र्य राखण्याच्या नावाखाली अथेन्सने इ.स.पू. ४२६ मध्ये एक विलक्षण हुकूम काढला. बेटावरच्या साऱ्या कबरी उकरून समोरच्या ऱ्हेनिया बेटावर हलवण्यात आल्या, आणि यापुढे डेलॉसवर कोणी जन्मू नये व कोणी मरू नये, असा नियम झाला. प्रसूतीची वेळ आलेली स्त्री आणि अखेरच्या घटका मोजणारा रुग्ण, दोघांनाही होडीत घालून मधली अरुंद खाडी ओलांडून ऱ्हेनियाला नेले जाई. त्या हलवलेल्या कबरींतील भांडी आज मिकोनोसच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाहायला मिळतात. जहाजावर परतण्यापूर्वी थोडा वेळ उरला तर तेथे डोकावून यावे.

या नियमाचा अर्थ बोटीतून उतरणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानात हळूहळू येतो. येथे घर करता येई, दुकान थाटता येई, संपत्ती जमवता येई. पण हे माझे जन्मगाव, किंवा माझे वाडवडील याच मातीत विसावले आहेत, असे कोणालाही म्हणता येत नसे.

दगडावरची रोजकीर्द

धक्क्यावरून डावीकडे वळले की पवित्र मार्ग लागतो. दोन्ही बाजूंना पुतळ्यांचे रिकामे चौथरे, पडलेले खांब, देवळांची जोती. भव्य असे उभे फारसे काही नाही. व्यापारी कुटुंबातल्या माणसाला येथे जास्त रस वाटावा तो शिलालेखांत.

इ.स.पू. ३१४ ते १६७ या काळात डेलॉस स्वतंत्र होते. अपोलोच्या देवस्थानाचा कारभार दरवर्षी नेमल्या जाणाऱ्या विश्वस्तांकडे असे. देवस्थानाच्या जमिनी व घरे भाड्याने दिलेली असत, आणि देवाच्या निधीतून शेकडा दहा व्याजाने कर्जही दिले जाई. वर्ष संपले की विश्वस्तांना संपूर्ण हिशेब संगमरवरी शिळेवर कोरून जाहीरपणे उभा करावा लागे. किती भाडे आले, कोणाकडे किती व्याज थकले, तेलाला किती पडले, लाकडाला किती, लिहिण्याच्या पापायरसला किती, कारागिराला काय मजुरी दिली, हे सारे त्यात आहे. सोन्याचांदीची भांडी मोजून व तोलून पुढच्या विश्वस्तांच्या स्वाधीन केली जात. एखादे भांडे मोडके असेल तर तेही तसेच नोंदले जाई. देवस्थानाच्या हिशेबाची चोपडी उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभी होती. प्राचीन ग्रीस देशातील भाव, भाडी आणि मजुरी यांविषयी आज अभ्यासकांना जे ठाऊक आहे, त्यातला मोठा वाटा या शिळांमधून आला आहे.

याच काळातला, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, एक कायदाही दगडावर टिकून राहिला आहे. तो लाकूड आणि कोळसा यांच्या विक्रीचा. बेटावर जळण नव्हते. सारे बाहेरून येई आणि त्यामुळे साठेबाजीला वाव होता. कायद्याने ठरवले की बंदरात शेकडा दोन जकात भरताना मालाची जी किंमत सांगितली असेल, त्याच किमतीला तो विकावा. जास्तही नाही आणि कमीही नाही. सार्वजनिक मापानेच मोजून द्यावे. बेटावर घेतलेला माल बेटावरच पुन्हा विकून मध्ये नफा काढू नये. नियम मोडणाऱ्याला पन्नास द्राख्मा दंड.

जकात वाचवण्यासाठी किंमत कमी सांगावी, तर त्याच कमी किमतीला विकावे लागे. नफ्यासाठी जास्त सांगावी, तर जकात जास्त भरावी लागे. खरे बोलणे हाच फायद्याचा मार्ग ठरेल, अशी ती सोय होती. स्वतंत्र डेलॉस फार श्रीमंत नव्हते, पण त्याचे माप आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर होता.

एका ठरावाने फिरलेले दैव

इ.स.पू. १६७-१६६ मध्ये रोमच्या सिनेटने एक निर्णय घेतला. मॅसिडोनियाशी झालेल्या युद्धात ऱ्होड्स बेटाने पुरेशी निष्ठा दाखवली नाही, असा रोमचा राग होता. ऱ्होड्सचे सारे वैभव बंदराच्या उत्पन्नावर उभे होते. त्यावर घाव घालण्यासाठी रोमने डेलॉस अथेन्सच्या ताब्यात दिले आणि ते जकातमुक्त बंदर म्हणून जाहीर केले.

परिणाम लगेच दिसला. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस याने नोंदवल्याप्रमाणे ऱ्होड्सच्या बंदराचे उत्पन्न पूर्वी दहा लाख द्राख्मा होते, ते दीड लाखावर घसरले. जहाजे ऱ्होड्स सोडून डेलॉसकडे वळली. पुढे इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कोरिंथ हे संपन्न व्यापारी नगर बेचिराख केले, तेव्हा तेथला उरलासुरला व्यापारही येथेच आला. इटलीकडून पूर्वेकडे आणि पूर्वेकडून इटलीकडे जाणारा माल डेलॉसच्या धक्क्यावर उतरू लागला.

या कथेतली एक गोष्ट मात्र सहसा मागे पडते. बेट अथेन्सला देताना तेथील मूळ रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. दगडावर हिशेब कोरणारे, जळणाच्या मापाचा कायदा करणारे डेलॉसवासी आपला चीजवस्तूंचा पसारा घेऊन दक्षिण ग्रीसच्या अकेया प्रांतात निघून गेले. पेठ भरभराटीला आली, त्याच वेळी जुने घरमालक नाहीसे झाले.

परक्यांची वस्ती

पवित्र मार्ग सोडून टेकडीच्या उतारावर, नाट्यगृहाकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत शिरले की ही नवी पेठ समोर उभी राहते. गल्लीच्या दोन्ही बाजूंना दुकानांचे गाळे आहेत, पायाखाली फरसबंदी आणि तिच्या खाली सांडपाण्याची गटारे. दुकानांच्या मागे चौकाची घरे. चौकाच्या मध्यभागी पावसाचे पाणी साठवणारे टाके. पाण्याची टंचाई असलेल्या गावात प्रत्येक घराने आपली तजवीक केली होती. पाच हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतील अशा नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर पडणारे पाणीसुद्धा वाया जात नसे. शेजारच्या मोठ्या टाक्यात ते उतरत असे. त्या टाक्यावरच्या दगडी कमानी अजून उभ्या आहेत.

घरांची नावे आज जमिनीवरील चित्रांवरून पडली आहेत. रंगीत खड्यांच्या नक्षीत कोठे वाघावर आरूढ झालेली पंखधारी मूर्ती आहे, कोठे त्रिशूळ, कोठे नाटकातले मुखवटे. डॉल्फिन माशांच्या घरात चित्रकाराने आपले नाव घातले आहे आणि आपण अराडोसचे, म्हणजे आजच्या सीरियाच्या किनाऱ्यावरचे, असे सांगितले आहे. त्याच घराच्या उंबऱ्याशी फिनिशियन लोकांच्या तानित देवीचे चिन्ह आहे. घराचा धनी दूरच्या किनाऱ्यावरून आलेला असावा आणि दाराशी त्याने आपल्या देवीची खूण मांडली असावी.

असे अनेक होते. बैरूतहून आलेल्या व्यापाऱ्यांनी, जहाजवाल्यांनी आणि वखारवाल्यांनी मिळून आपला एक संघ काढला होता. त्यांच्या वास्तूचे अवशेष सिंहांच्या रांगेजवळ आहेत. त्यात देवघरे होती, बैठकीसाठी चौक होता. परगावी गेलेल्या आपल्या माणसाला उतरायला, बोलायला आणि सौदा करायला हक्काची जागा असावी, ही गरज कोणत्याही काळातल्या व्यापारी समाजाला ओळखीची वाटेल. इजिप्तच्या इसिस देवीचे मंदिर टेकडीवर आहे, सीरियन देवतांचे जवळच आहे, आणि समुद्रकाठी ज्यूंचे प्रार्थनास्थळ म्हणून ओळखली जाणारी इमारत आहे. भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण माप आणि सौदा सर्वांना समान. अ‍ॅस्कलॉन या पूर्व किनाऱ्यावरील शहरातून आलेल्या फिलोस्ट्रॅटस नावाच्या एका सराफाने येथे पेढी चालवली, पुढे इटलीतील नेपल्सचे नागरिकत्व मिळवले आणि इटालियन व्यापाऱ्यांच्या चौकाच्या बांधकामाला मोठी देणगी दिली. आपला ग्राहक कोण, हे त्या सराफाला अचूक कळले होते.

याच गल्लीत एका घराच्या चौकात स्त्री-पुरुषाची एक जोडी उभी आहे. दोघांचीही मस्तके नाहीत. ही क्लिओपात्रा आणि तिचा पती डिओस्कुरिडीस. इजिप्तच्या राणीशी या क्लिओपात्रेचा संबंध नाही. ही अथेन्सहून आलेली गृहिणी होती. इ.स.पू. १३८ च्या सुमारास नवऱ्याने अपोलोच्या मंदिराला चांदीच्या दोन तिवया अर्पण केल्या, म्हणून तिने हे पुतळे उभारले आणि खाली तसे लिहवून घेतले. घरात शिरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या दृष्टीला पहिला पडेल अशा जागी दानाची ही नोंद आहे. चौकातल्या मूर्ती आज प्रतिकृती आहेत. मूळ पुतळे संग्रहालयात ठेवले आहेत.

धक्क्यावरचा दुसरा माल

डेलॉसच्या धक्क्यावर कोणता माल उतरत होता? तेल, मद्य, धान्य, सुगंधी द्रव्ये, कापड, ब्राँझच्या वस्तू. आणि माणसे.

भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की हे बंदर एका दिवसात दहा हजारांच्या पटीत गुलाम उतरवून घेण्यास आणि पुढे रवाना करण्यास समर्थ होते. आकड्याबाबत आजचे अभ्यासक साशंक आहेत. पण व्यापाराविषयी कोणाला शंका नाही. रोममधल्या धनिकांना शेतीसाठी आणि घरकामासाठी माणसे हवी होती. समुद्रावरचे चाचे किनाऱ्यांवरून माणसे पकडून आणीत, आणि डेलॉसवर त्यांचा सौदा होई. व्यापाऱ्याने जहाज लावावे, माल उतरवावा आणि तो विकला गेला असे समजावे, अशा अर्थाची म्हणच तेव्हा रूढ झाली होती, असेही स्ट्रॅबो सांगतो.

जळणाच्या ओझ्याला ना जास्त ना कमी भाव लागावा, याची काळजी जेथे एके काळी घेतली गेली होती, तेथे आता माणसांचा भाव ठरत होता. चाच्यांना गिऱ्हाईक मिळत होते, म्हणून चाचेगिरी वाढत होती; आणि ज्या समुद्रावर या पेठेची जहाजे चालत, तोच समुद्र तिच्या पैशाने दिवसेंदिवस असुरक्षित होत होता. रोजच्या उलाढालीत गुंतलेल्या वखारवाल्याला हे जाणवले नसेल, किंवा जाणवूनही ते कोणाच्या खात्यात मांडावे, हे सुचले नसेल.

विकणारे विकले गेले

इ.स.पू. ८८ मध्ये पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याने रोमविरुद्ध युद्ध पुकारले. डेलॉस रोमच्या बाजूला होते, कारण रोमच्याच कृपेवर ते उभे होते. राजाचे आरमार आले तेव्हा बेटाभोवती तटबंदी नव्हती. डेलॉस आणि आसपासच्या ठाण्यांवर मिळून वीस हजार माणसे मारली गेली, त्यांतील बहुसंख्य इटालियन होते, असे इतिहासकार अ‍ॅपियन लिहितो. प्रवासवर्णनकार पॉसेनिअस याच्या मते बायका-मुलांना गुलाम करून नेण्यात आले. ज्या धक्क्यावरून इतरांची कुटुंबे जहाजात चढवली गेली होती, त्याच धक्क्यावरून या व्यापाऱ्यांची कुटुंबे चढवली गेली.

पेठ पुन्हा सावरू लागली, तोच इ.स.पू. ६९ मध्ये अथेनोडोरस नावाच्या चाच्याच्या टोळीने बेट लुटले आणि जाळले. त्यानंतर रोमच्या ट्रायेरिअस या अधिकाऱ्याने घाईघाईने एक भिंत बांधली. हाताला लागतील ते दगड घेऊन उभारलेल्या त्या भिंतीचे तुकडे आजही दिसतात.

त्या आगीची एक खूण उत्तरेकडच्या वस्तीत सापडली. एका घरात कोणाचे तरी मोठे दप्तर होते; पापायरसवर लिहिलेले करार, पावत्या, कर्जरोखे. कागद सारे जळून गेले. परंतु त्यांना बांधलेल्या दोऱ्यांवरच्या मातीच्या मोहरा आगीत भाजून पक्क्या झाल्या, आणि त्या हजारोंच्या संख्येने उत्खननात मिळाल्या. कोणी कोणाला काय देणे होते, हे कायमचे पुसले गेले. कोणी कोणावर विश्वास ठेवून मोहर उमटवली होती, एवढेच उरले.

दुसऱ्यांदा मिळालेली माफी

येथवर वाचून कोणी म्हणेल की युद्ध आणि लूट यांपुढे कोणती पेठ टिकेल? पण आगीत जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या पेठा जगात थोड्या नाहीत. कोरिंथसुद्धा शंभर वर्षांनी पुन्हा वसले आणि संपन्न झाले. डेलॉस मात्र उठले नाही.

त्याला मदत मिळाली नाही असेही नाही. इ.स.पू. ५८ मध्ये रोमने खास कायदा करून डेलॉसला पुन्हा करमाफी दिली. शंभर वर्षांपूर्वी ज्या सवलतीने चमत्कार घडवला होता, जवळपास तीच सवलत पुन्हा हाती आली. या वेळी कोणी आले नाही. दरम्यान इटली आणि पूर्वेकडची बंदरे यांच्यात थेट जहाजे जाऊ लागली होती. नेपल्सजवळचे पुतिओली बंदर मोठे झाले होते. मधल्या थांब्याची गरज संपली होती. व्यापारी आपापल्या नव्या ठिकाणी स्थिरावले होते आणि मागे वळून पाहावे, असे डेलॉसवर त्यांचे काही नव्हते. दुसऱ्या शतकात पॉसेनिअसने लिहून ठेवले की देवस्थानाच्या रक्षणासाठी अथेन्सहून पाठवलेले पहारेकरी काढले, तर बेटावर माणूस उरणार नाही.

सवलतीने गिऱ्हाईक येते, हे डेलॉसने सिद्ध केले. सवलतीने गाव वसत नाही, हेही त्यानेच सिद्ध केले. ज्यांचे आईबाप या मातीत होते त्यांना आरंभीच हाकलले गेले होते. जे आले त्यांची जन्मगावे दुसरीकडे होती, आणि त्यांच्या मुलांचा जन्मही समोरच्या बेटावर होत होता. पडलेली भिंत पुन्हा उभारावी असे ज्याला वाटेल, असा माणूसच त्या पेठेने निर्माण केला नव्हता.

पुढच्या शतकांत आसपासच्या बेटांवरचे लोक बांधकामासाठी येथून संगमरवर उचलून नेऊ लागले. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस नॅक्सॉसच्या लोकांनी तळ्याकाठी बसवलेल्या सिंहांपैकी एक तर व्हेनिसला पोहोचला. तेथील जुन्या आरमारी गोदीच्या दाराशी तो आजही बसलेला आहे. उरलेले मूळ सिंह वाऱ्यापावसापासून वाचवण्यासाठी संग्रहालयात हलवले आहेत आणि जागेवर प्रतिकृती ठेवल्या आहेत. ते पवित्र तळे हिवतापाच्या भीतीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बुजवले गेले. त्याच्या मध्यभागी लावलेले एक ताडाचे झाड आता जागा दाखवते. फ्रेंच अभ्यासकांनी १८७३ पासून येथे पद्धतशीर उत्खनन केले, आणि १९९० मध्ये युनेस्कोने बेटाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

एका दिवसाच्या प्रवाशासाठी

जहाजाच्या थांब्यात डेलॉस पाहायचे तर सकाळची पहिली किंवा दुसरी बोट धरावी. बोटींच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आणि उन्हाळ्यात उत्तरेचा वारा जोराचा असला तर फेऱ्या रद्दही होतात. म्हणून जहाज लागताच धक्क्यावर चौकशी करावी. परतीची बोट कोणती आणि ती चुकली तर पुढची आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे. बेटावर सावली जवळजवळ नाही. टोपी, पाणी आणि पायांत पक्के बूट हवेत. खाण्यापिण्याची सोय गृहीत धरू नये; सोबत नेलेले खाकरे किंवा दशमी आणि थोडा सुका मेवा येथे फार उपयोगी पडतो. दुपारपर्यंत मिकोनोसला परत येता येत असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी जहाजावर पोहोचून जेवण उरकणेही सहज जमते.

ज्येष्ठांनी पवित्र मार्ग, सिंहांची रांग आणि संग्रहालय एवढे पाहिले तरी पुरे. पायांत बळ असलेल्यांनी नाट्यगृहाच्या वस्तीतून किंथॉसच्या माथ्यावर जावे. पायऱ्या उंचसखल आहेत, चढ मात्र अर्ध्या तासाचा. वरून सगळा हिशेब एका दृष्टिक्षेपात कळतो. चारी बाजूंना बेटांचे कडे, मध्ये हे एवढेसे खडकाळ बेट, खाली पडक्या वखारींची रांग, आणि पलीकडे अरुंद खाडीपल्याड ऱ्हेनिया. ज्याचे बालपण डेलॉसच्या गल्ल्यांत गेले, त्यालाही आपले जन्मस्थान दाखवायचे तर बोट समुद्रापलीकडे करावे लागत असे.

शेवटच्या बोटीची शिटी होते, पहारेकरी मागे राहिलेल्यांना हाका घालतात, आणि बेट पुन्हा रिकामे होते. तासाभराने प्रवासी जहाजाच्या भोजनगृहात बसलेले असतात. शेजारच्या टेबलावर मिकोनोसला झालेल्या खरेदीच्या पिशव्या उघडल्या जात असतात. डेलॉसहून आलेल्यांच्या हाती पिशवी नसते. पण घरी परतल्यावर दुकानाचे दार उघडताना एक प्रश्न मनात राहतो. ज्या गावाने आपल्याला जागा दिली, त्या गावात आपल्या धंद्यापलीकडे आपले काय आहे? तेथली शाळा, तेथले रुग्णालय, तेथली विहीर, तेथल्या माणसांचे सुखदुःख यांच्या खात्यात आपल्या घराची नोंद किती? डेलॉसच्या व्यापाऱ्यांना हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण विचारणारे गावकरी त्यांच्या येण्यापूर्वीच बेट सोडून गेले होते.